गेरूपासून चुंबकाला चिकटणारी काळी भुकटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी मुलांसाठी प्रयोगांची बैठक असते. ३५ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, ती खोड निवृत्तीनंतरही जात नाही. सगळ्यात गर्दी होते ती गेरूच्या प्रयोगाला, आणि नंतर आठवडाभर आई-वडिलांचे तेच ते प्रश्न फोनवर येत राहतात. म्हणून ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत.

प्रयोग नेमका काय आहे?

तुळशीवृंदावनाला किंवा कुंड्यांना लावतो तो गेरू घ्यायचा. कागदावर पसरून खालून चुंबक फिरवायचा. काही हलत नाही, हे मुलांना आधी नीट बघू द्या. मग दहा चमचे गेरूत एक चमचा कणीक कालवून ते कोरडं मिश्रण घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत दाबून भरायचं. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडायचं आणि डबी कोळशाच्या शेगडीत तासभर ठेवायची. भोकातून आधी वाफ येते, मग पिवळट धूर, आणि तळ अंधारात मंद लाल दिसू लागतो. म्हणजे ५०० अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे गेलो. धूर थांबला की भोक ओल्या मातीने बुजवायचं आणि डबी पूर्ण गार होऊ द्यायची. उघडल्यावर आत काळी भुकटी मिळते. आता कागदाखालून चुंबक फिरवला की भुकटीचे काटे उभे राहतात आणि चुंबक जाईल तिकडे चालायला लागतात.

घरी किचनमध्ये गॅसवर करून बघू का?

नको. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खिडक्यांच्या वन-बीएचकेत तो जीव घेऊ शकतो. गच्ची, अंगण, मोकळं मैदान, आणि सोबत मोठं माणूस. यावर मी वाद घालत नाही.

गेरूत लोखंड होतंच ना? मग आधी का चिकटत नव्हतं?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी पुढच्या रांगेत बसवतो. लोखंड असणं आणि चुंबकाला चिकटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेरूचा लाल रंग हेमॅटाइट या खनिजाचा. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने जवळपास ७० टक्के लोह असतं, तरी साध्या चुंबकाला ते दाद देत नाही.

लोहाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक समजा. हेमॅटाइटमध्ये निम्मे अणू एका दिशेला ओढतात आणि निम्मे बरोबर उलट्या. रस्सीखेच चालली आहे, दोन्हीकडे माणसं सारखी, ताकद सारखी, दोर जागचा हलत नाही. (अगदी शंभर टक्के सारखी नाही. अणू किंचित तिरके उभे असतात, त्यामुळे थोडंसं चुंबकत्व उरतं, पण ते काळ्या भुकटीतल्या मॅग्नेटाइट या खनिजाच्या चुंबकत्वाच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी.)

काळ्या भुकटीत असतं ते मॅग्नेटाइट. त्याच्या प्रत्येक रेणुसूत्रात तीन लोह: दोन फेरिक (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले), एक फेरस (दोन गमावलेला). दोन फेरिक समोरासमोर उभे राहून एकमेकांचा जोर मारतात. उरलेल्या फेरसला अडवायला समोर कोणी नसतं, आणि जे काही चुंबकत्व दिसतं ते सगळं त्याचं. या अर्धवट काटाकाटीला फेरीचुंबकत्व म्हणतात. तिचा उलगडा लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला आणि त्याच्या चुंबकत्वावरच्या कामाला १९७० चं नोबेल मिळालं.

म्हणजे आपण डबीत लोखंड घातलं नाही. थोडा ऑक्सिजन काढून घेतला आणि त्यामुळे अणूंची मांडणी बदलली.

थोडा म्हणजे किती?

१०० ग्रॅम शुद्ध हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होताना फक्त ३.३ ग्रॅम ऑक्सिजन जातो. तेवढा उचलून न्यायला हिशेबाने सव्वा ग्रॅम कार्बन पुरे. कणकेतला बराच भाग धुरावाटे वाया जातो म्हणून आपण जास्त घालतो. आणि बाजारचा गेरू म्हणजे बरीचशी चिकणमाती, त्यात हेमॅटाइट थोडंच.

म्हणजे डबीत शुद्ध लोखंड तयार झालं नाही?

नाही, आणि व्हायलाही नको. ऑक्सिजन काढून घेण्याच्या या क्रियेला क्षपण म्हणतात, ऑक्सिडीकरणाच्या उलट. ती लोकल ट्रेनसारखी टप्प्याटप्प्याने जाते. हेमॅटाइटहून गाडी सुटली की पहिलं स्टेशन मॅग्नेटाइट, दुसरं वुस्टाइट (ऑक्सिजन आणखी कमी असलेलं लोह-ऑक्साइड), शेवटचं लोखंड. गंमत अशी की सुमारे ५७० अंशांच्या खाली गाडी फास्ट असते, वुस्टाइट स्टेशन घेतच नाही. मॅग्नेटाइटवरून थेट लोखंड.

आपल्याला पहिल्याच स्टेशनला उतरायचं आहे. तापमान वाढवून पुढे रेटलं तर वाटेत वुस्टाइट लागतं, आणि ते खोलीच्या तापमानाला चुंबकाला चिकटत नाही. एका विद्यार्थ्याने जास्त हुशारी करून डबीला भात्याने वारा घातला, कणीकही दुप्पट घातली. भुकटी काळीशार झाली, पण चुंबकाला आधीपेक्षा कमी लागू लागली. बिचाऱ्याला वाटलं प्रयोग फसला. प्रयोग फसला नव्हता, गाडी पुढे गेली होती. वुस्टाइट अगदी सावकाश गार केलं तर ५७० च्या खाली त्याचं परत मॅग्नेटाइट आणि लोखंड असं विभाजन होतं; त्याने डबी पाण्यात बुडवून गार केल्यामुळे तेही झालं नाही.

शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलं तर लोखंड मिळतं आणि त्याचं चुंबकत्व मॅग्नेटाइटच्या दुपटीहून जास्त असतं. मग थांबायचं कशाला? कारण इतक्या कमी तापमानाला बनलेलं लोखंड फार बारीक, सच्छिद्र असतं आणि हवेत उघडलं की आपणहून पेट घेऊ शकतं. जगभर अमोनियाच्या कारखान्यांत जो उत्प्रेरक वापरतात तो भरताना मॅग्नेटाइट असतो, आणि भट्टीतच हायड्रोजनने त्याचं लोखंड करतात. बाहेर काढायची वेळ आली की त्याला हळूहळू हवा दाखवावी लागते, नाहीतर आग. गच्चीवर हे धंदे नकोत.

दहावीसाठी समीकरण द्या ना.

तीन हेमॅटाइट + एक कार्बन मोनॉक्साइड → दोन मॅग्नेटाइट + एक कार्बन डायऑक्साइड. सूत्रं स्वतः लिहा आणि दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन मोजून बघा: दहा इकडे, दहा तिकडे.

कणीकच का? कोळशाची पूड चालणार नाही?

चालते, पण जास्त तापवावं लागतं. घन कोळसा आणि घन गेरू यांचे कण जिथे शिवतात तिथेच काम होतं. खरं काम करतो तो वायू, आणि कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड भराभर बनायला सुमारे ७०० अंशांच्या वर जावं लागतं. कणीक, साखर, लाकडाचा भुसा यांचं तसं नाही. ते ३००-४०० अंशांतच फुटतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन निघतो आणि कण न् कण गाठतो. शेगडीला जमेल एवढ्या आचेत काम होतं. तांदळाचं पीठही चालेल. बेसन मी वापरत नाही, जळल्याचा वास दोन मजले खाली जातो आणि मग सेक्रेटरी वर येतात.

आमची भुकटी काळी झालीच नाही. पांढुरकी राखाडी निघाली.

तुम्हाला गेरू मिळालाच नाही. गेल्या दिवाळीआधी मीही दादरच्या एका दुकानातून रांगोळीसोबतचा ‘गेरू’ किलोभर आणला होता. तीन रविवार डोकं खाजवलं. शेवटी चमचाभर भुकटीवर लिंबू पिळलं तर फेस आला. रंग दिलेली खडूची पूड होती ती! खऱ्या गेरूवर लिंबाने फेस येत नाही. कणकेशिवाय नुसता तापवल्यावरही तो लालच राहतो, कारण हेमॅटाइटचा रंग जळून जाणारा नसतो. हार्डवेअरच्या दुकानात रेड ऑक्साइडची पूड मिळते, तिच्यात लोहाचं ऑक्साइड गेरूपेक्षा कितीतरी जास्त असतं.

पिवडी मिळाली तर जरूर घ्या. तिचा पिवळा रंग गोएथाइटचा, म्हणजे पाणी धरून बसलेल्या लोह-ऑक्साइडचा. नुसती ३०० अंशांपर्यंत तापवली की पाणी निघून जातं आणि डोळ्यांसमोर ती लाल होते. म्हणजे एका प्रयोगात दोन रंगबदल.

डब्याच्या पत्र्याचे कण पडले असतील आणि तेच चिकटत असतील, असं कशावरून नाही?

सातवीतल्या एका मुलीने हे विचारलं आणि मला पाच मिनिटं गप्प केलं. तिचं बरोबर होतं. लोखंडी पत्रा तापला की त्याच्यावर काळी खपली धरते आणि त्या खपलीतही मॅग्नेटाइट असतं. तेव्हापासून आम्ही दोन डब्या शेजारी शेजारी ठेवतो: एकीत गेरू आणि कणीक, दुसरीत नुसता गेरू. दुसऱ्या डबीतून एखाद-दुसरी खपली निघते, पहिलीतली सगळी भुकटी उठून उभी राहते. शाळेच्या प्रदर्शनात मांडणार असाल तर ही दुसरी डबी हवीच. त्याहून उत्तम म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत मिळते ती चिनी मातीची मूस वापरा, म्हणजे शंकेलाच जागा राहणार नाही.

डबी गरम असतानाच उघडली. भुकटी काळी होती, बघता बघता तपकिरी-लाल झाली. प्रयोग वाया गेला का?

आधी चुंबक लावून बघा! हे माझ्याही हातून झालं होतं, पोरांना दाखवायच्या घाईत. भुकटी लालसर झालेली बघून मी टाकायला निघालो होतो, एका मुलाने सहज चुंबक फिरवला तर ती लाल भुकटी सुरेख उठून आली.

गरम मॅग्नेटाइटला हवा लागली की ते ऑक्सिजन परत घेतं. खूप गरम असेल तर पुन्हा हेमॅटाइट होतं, म्हणजे जैसे थे. पण २००-२५० अंशांच्या आसपास असेल तर ऑक्सिजन आत येतो आणि अणूंची मांडणी मात्र मॅग्नेटाइटचीच राहते. त्याचं नाव मॅग्हेमाइट. रासायनिक सूत्र हेमॅटाइटचं, स्वभाव मॅग्नेटाइटचा. चुंबकत्व मॅग्नेटाइटपेक्षा थोडं कमी, पण चांगलं दणकट. सूत्र सारखं असलेल्या दोन पदार्थांत एक चिकटतो आणि एक नाही! चुंबकत्व लोह किती आहे त्यावर नसून ते कसं बसवलंय त्यावर आहे, हे पटवायला याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही.

कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतही मॅग्हेमाइट सापडतं. म्हणून गावाहून आणलेली माती न तापवताच थोडी चिकटली तर गोंधळून जाऊ नका.

याचा उपयोग काय?

आजीच्या कपाटातल्या कॅसेट आठवा. त्या फितीवरचा तपकिरी लेप म्हणजे हेच मॅग्हेमाइट. फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन माणसाने १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून आवाज साठवला. पुढे त्या जागी मॅग्नेटाइट आलं आणि मग मॅग्हेमाइट.

ते बनवायची पद्धत ऐकून मी थक्क झालो होतो. फितीसाठी कण सुईसारखे लांबट लागतात, म्हणजे त्यांचं चुंबकत्व सहजासहजी उलटत नाही. पण मॅग्नेटाइटच्या सुया सरळ बनत नाहीत. सुया बनतात पिवळ्या गोएथाइटच्या. म्हणून आधी त्या सुया वाढवायच्या, तापवून पाणी काढून हेमॅटाइट करायचं, हायड्रोजनने क्षपण करून मॅग्नेटाइट, आणि मग जपून हवा देऊन मॅग्हेमाइट. पिवळा, लाल, काळा, तपकिरी. चार पदार्थ बदलले, पण सुईचा आकार तोच राहिला. आपण गच्चीवर पिवडी घेऊन जे करतो आणि माझ्या घाईमुळे शेवटी जे घडलं, तेच सगळं ओळीने. लता मंगेशकरांची गाणी आपण वर्षानुवर्षं या भुकटीवर ऐकली.

आजही काही लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये मॅग्नेटाइट असतं. झेरॉक्सवाल्याकडून सांडलेली टोनर मागून चुंबक लावून बघा, पण फुंकू नका, नाकातोंडात जाते.

फ्रीजवरचा चुंबक किंवा स्पीकरमधला काळा चुंबक असाच बनतो का?

कच्चा माल तोच, वाट वेगळी. लॅमिंग्टन रोडला जुन्या स्पीकरमधून निघालेली काळी कडी मिळते ती फेराइटची. तिच्यात लोहाच्या ऑक्साइडसोबत बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम घालून हवेतच भाजतात, ऑक्सिजन काढत नाहीत. फेराइटची सुरुवात टोकियोत १९३० च्या सुमारास कातो आणि ताकेई यांच्या कामातून झाली. आपली काळी भुकटी चुंबकाला चिकटते, पण स्वतः कायमचा चुंबक होत नाही. फ्रीजवर ठेवायला ती उपयोगाची नाही.

धारावीच्या कुंभारवाड्यात लाल मडकी असतात आणि काळीही. काळ्यात हेच घडतं का?

अर्धं उत्तर होय. हवा खेळती ठेवून भाजलं की मातीतलं लोह हेमॅटाइट होतं, मडकं लाल. भट्टीचं तोंड बुजवून आत धूर कोंडला की क्षपण होतं आणि मडकं काळं. पण काळेपणात धुराच्या काजळीचा वाटा मोठा असतो, मॅग्नेटाइटचा कमी-जास्त. चुंबक दोऱ्याला टांगून मडक्याजवळ नेला तर कधी किंचित ओढ दिसते.

गावच्या घरातली जुनी चूल मोडली तेव्हा मी तिचा एक तुकडा ठेवून घेतला. बाहेरच्या मातीपेक्षा आतली, जाळाला लागलेली माती चुंबकाला जास्त लागते. वर्षानुवर्षं लाकूड जळताना लोहाचं मॅग्नेटाइट होत गेलं आणि चूल विझून गार होताना त्यातलं काही मॅग्हेमाइट झालं. पुरातत्त्वाचे लोक याचाच फायदा घेतात. जमीन न खणता वरून चुंबकत्व मोजत गेलं की गाडलेल्या चुली आणि भट्ट्या नकाशावर उमटतात.

गोराई किंवा अक्साच्या वाळूत चुंबक फिरवला की काळे कण येतात. ते कोणी बनवले?

ज्वालामुखीने. मुंबई बसाल्टच्या खडकावर बसली आहे आणि बसाल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट मुळातच असतं. खडक झिजला, जड कण लाटांनी एकीकडे जमवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून दहा मिनिटं फिरा, चमचाभर मिळेल. दख्खनचा लाव्हा थिजताना या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली, आणि तीच वाचून कळलं की तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

मोठ्या प्रमाणावर हे कुठे करतात?

आपल्याच भागात बघायचं तर पेणजवळ डोलवीला. तिथे नैसर्गिक वायूपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनवून धातुकातला ऑक्सिजन काढतात, थेट लोखंडापर्यंत. दगड वितळत नाही. ऑक्सिजन गेला तिथे पोकळ्या राहतात, म्हणून नाव स्पंज आयर्न. असं लोखंड बनवण्यात भारत जगात पहिला आहे, मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वायूऐवजी दगडी कोळसा वापरतात. महाराष्ट्रातलं हेमॅटाइट म्हणाल तर गडचिरोलीतल्या सुरजागडचं.

पहिल्याच स्टेशनला उतरणारे कारखानेही असतात. हलक्या प्रतीच्या धातुकात हेमॅटाइट आणि वाळूचे कण इतके गुंतलेले असतात की वेगळे काढता येत नाहीत. मग ते ५००-७०० अंशांना वायूत भाजून हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट करतात आणि चुंबकाने उचलून घेतात. वाळू मागे राहते.

कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर धूर होणार नाही ना?

बरोबर. ऑक्सिजन हायड्रोजनला मिळाला की पाण्याची वाफ होते. स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पाने असं लोखंड बनवून २०२१ मध्ये त्याचं पोलाद दिलंही. अडचण स्वस्त हायड्रोजनची. गच्चीवर हायड्रोजन आणणार नाही, परत विचारू नका.

डबी गरम असतानाच चुंबक लावला तर?

मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या वर चुंबकाला ओळखतच नाही. त्याहून वाईट म्हणजे तुमचा चुंबक खराब होईल. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे दुबळे होऊ लागतात. माझे दोन असेच गेले.

चुंबकाला भुकटी चिकटून बसली, काही केल्या निघत नाही.

पुढच्या वेळी चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आत्ता भिजवलेल्या कणकेचा छोटा गोळा घ्या आणि चुंबकावर दाबून दाबून उचला. तीन-चार वेळांत साफ होतो. तो गोळा मात्र पोळीच्या कणकेत परत टाकू नका. आमच्या घरी हे एकदा झालंय, आणि सौ. अजून विसरलेली नाही.